दिल्लीसाठी पन्नास पैसे

पहाटे ४.५०

भाऊंना गजर लागत नाही. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली बहुतेक पांढरकवडा आगारात. मुक्कामी गाडीवर असलं की खेड्यातल्या पारावर झोपायचं आणि साडेपाचला गाडी काढायची. २०१२ साली नोकरी संपली, सवय राहिली. नाव छापू नका म्हणाले. गावात तसंही सगळे भाऊच म्हणतात.

बिनसाखरेचा चहा. त्यावर दोन गोळ्या, एक बीपीची, एक शुगरची. जेवणानंतरची तिसरी वेगळी. नवरा-बायकोच्या मिळून महिन्याच्या गोळ्या साडेआठशेच्या. पेन्शन दोन हजार एकशे चाळीस. एवढं सांगून भाऊ गप्प बसतात. वजाबाकी आपण करायची.

५.४०

थैली भरायचं काम. नायलॉनची, खताच्या कंपनीचं नाव असलेली. तिच्यात पावतीपुस्तक, स्टॅम्प पॅड, दोन रबरी शिक्के, स्टेपलर, सुतळी, पोस्टकार्डांचा गठ्ठा, मोबाइलचा चार्जर आणि एक जाड फाइल. एक शिक्का संघटनेचा. दुसरा पत्त्याचा, वर ‘मा. पंतप्रधान’, खाली ‘नवी दिल्ली ११० ०११’. तो करायला अडीचशे लागले. पण शंभर-शंभर कार्डांवर पत्ता हाताने लिहून बोटं दुखायची, त्यापेक्षा परवडलं.

भाऊ तालुक्यातल्या निवृत्तांच्या संघटनेचे सचिव आहेत. पगार नाही, भत्ता नाही. सभासद एकशे साठ. एसटीचे ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक. जिनिंगमधले जुने कामगार. कापूस पणन महासंघाचे काही, सहकारी संस्थांचे काही. सगळ्यांना बांधणारा धागा एकच, ‘ईपीएस पंच्याण्णव’. १६ नोव्हेंबर १९९५ ला लागू झालेली पेन्शन योजना. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन होती, ती हिच्यात विरली. मालक पीएफचे बारा टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनीच्या फंडात जातात. केंद्र सरकार आपले १.१६ टक्के घालतं. देशात अशी पेन्शन घेणारे सत्तर लाखांच्या वर आहेत. त्यातले एकशे साठ या थैलीत.

७.३०

बसस्थानकासमोरची टपरी. रोजची बैठक इथेच. अर्धे लोक खाकीतून बाहेर येऊन दहा-पंधरा वर्षं झालेले, तरी गाडी लागली की मान आधी फलाटाकडे वळते. कोणती गाडी किती लेट, कुणाची ड्युटी, सगळ्याची नोंद तोंडी.

भाऊ पावतीपुस्तक काढतात. वर्गणी वर्षाला साठ रुपये. महिन्याला पाच. तेवढेही सगळे एकदम देत नाहीत. एक जुना मेकॅनिक वीस देतो, ‘बाकी पेन्शन आल्यावर’ म्हणतो. पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते, म्हणजे अजून चार दिवस. भाऊ वीसची पावती फाडत नाहीत. पूर्ण साठ झाले की पावती. कंडक्टरकी हाडात मुरलीय. पैसे अर्धे आणि तिकीट पूर्ण, हे होणार नाही.

पेपरात खासदारांच्या पेन्शनची जुनी बातमी कुणीतरी पुन्हा काढतो. पंचवीस हजारांची एकतीस हजार झाली, तीही २०२३ च्या एप्रिलपासून मागचं धरून. यावर पूर्वी आरडाओरडा व्हायचा म्हणे. आता एकजण फक्त म्हणतो, “त्यायचं बसल्या जागी होते.” आणि बशीत चहा ओततो.

समोरून जिल्हा परिषदेचे एक गुरुजी गाडीवर जातात, हात करतात. मार्च २०२३ च्या संपात ते होते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन.’ १४ ते २० मार्च राज्यभर शाळा, कचेऱ्या, दवाखाने अडले. मग सरकारशी बोलणी झाली, पुढे सुधारित योजना आली. गुरुजींना जे हवं होतं ते सगळं मिळालं असं नाही, पण सात दिवसांत मंत्र्यांना टेबलावर बसावं लागलं.

“त्यायनं शाळा बंद ठेवल्या,” मेकॅनिक म्हणतो. “आपण काय बंद ठेवाचं? गोळ्या?”

सगळे हसतात. भाऊ हसत नाहीत, ते हिशेब लिहितायत. सात पावत्या, चारशे वीस रुपये.

९.२०

तहसीलच्या वाटेवरचं झेरॉक्सचं दुकान. दुकानदार ओळखीचा, बाकावर बसू देतो. संघटनेचं ऑफिस म्हणजे हा बाक.

पाटणबोरीहून एक मावशी आल्यात. अर्ध्या तिकिटावर, बाईमाणसाला एसटीत अर्धं लागतं म्हणून बरं. नवरा जिनिंगमध्ये होता, वारला. विधवा पेन्शन महिन्याला एक हजार. हयातीचा दाखला द्यायचाय. बँकेत अंगठा लागला नाही, म्हणून इथे.

भाऊ ठशाच्या मशीनवर आधी अंगठाच घेऊन बघतात. लाल दिवा. तर्जनी. लाल दिवा. मावशी पदराने बोट पुसतात, परत लावतात. लाल. त्यांचा हात मी जवळून पाहिला. बोटांची टोकं गुळगुळीत आणि कडेने चिरलेली. कापसाच्या बोंडाचं टोक वाळलं की सुईसारखं टोचतं. चाळीस हंगाम वेचणी केलेल्या हाताला रेषा कुठून राहणार? आजही त्या वेचायला जातात. किलोमागे मजुरी. आजचा दिवस बुडाला.

मग चेहऱ्याचं काम. भाऊंच्या मोबाइलमध्ये आधारचं ॲप आणि ‘जीवन प्रमाण’ दोन्ही आहेत. मावशींना उजेडाकडे तोंड करून बसवतात. पडद्यावर गोल येतो, त्यात चेहरा बसवायचा आणि डोळे मिचकवायचे.

“मावशी, डोळे मिटा. उघडा. नाई, हळू नाई. पटकन.”

मावशी दोन्ही डोळे मिटून बसतात. झोपल्यासारख्या. दुकानदार हसतो. चौथ्या वेळी जमतं. हिरवी खूण. भाऊ दाखल्याचा नंबर वहीत लिहितात, पेन्शन आदेशाच्या म्हणजे पीपीओच्या नंबरासमोर.

“नोव्हेंबरातच यावं लागते का भाऊ?”

“नाई. आज दिला, आता वर्षभर चालते. सरकारी पेन्शनवाल्यायचं नोव्हेंबरात असते. आपलं ज्या दिवशी दिलं तिथून वर्ष.”

हे भाऊ दिवसातून पाच वेळा सांगतात. तरी नोव्हेंबर आला की बाक भरतो. लोक बँकेतल्या मास्तरांना रांगेत पाहतात आणि आपणही उभे राहतात.

मावशी पंधरा रुपये काढतात. भाऊ घेत नाहीत. एक पोस्टकार्ड पुढे करतात. मजकूर आधी लिहिलेला आहे, तीन ओळी, खाली नाव-गाव. सही येत नाही, म्हणून अंगठा. स्टॅम्प पॅडवर बोट दाबून मावशी कार्डावर उमटवतात. मशीनला जो दिसला नाही तो अंगठा शाईत निळा डाग म्हणून येतो, आणि चालतो.

१०.१५

गिऱ्हाईक वाढलंय. एक हमाल आलाय, साठीचा. पेन्शन इतकी कमी का, हे त्याला कागदावर दाखवून हवंय. कुणी सांगितलं म्हणे की कारकुनाने खाल्ले.

भाऊ झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर मांडतात. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. इतकंच सूत्र. हमालाचा पगारपत्रकावरचा सरासरी पगार बेचाळीसशे, वर्षं चौदा.

“बेचाळीसशे गुणिले चौदा. अठ्ठावन हजार आठशे. भागिले सत्तर. किती आले?”

हमाल मोबाइलवर करतो. आठशे चाळीस.

“मग मले हजार कसे भेटते?”

“हजाराच्या खाली द्याचे नाई, असं २०१४ च्या सप्टेंबरात ठरलं. म्हणून. खाल्ले कुणी नाई. वरून एकशे साठ भेटते तुले.”

हमाल कागद उलटसुलट बघतो. त्याचा चेहरा पडतो. चोर सापडला असता तर बरं झालं असतं, असं काहीसं.

आणखी एक गोष्ट भाऊ त्याला सांगतात, आणि ती मलाही नवी होती. जिनिंग हंगामी कारखाना. चार-पाच महिने चालतो. योजनेत असं आहे की हंगामी कारखान्यात त्या वर्षात जेवढं काम केलं ते पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे चार महिन्यांचा हंगाम, पेन्शनीसाठी एक वर्ष. नियम चांगला आहे. फक्त त्या हंगामात नाव मस्टरवर पाहिजे. हमालाने काम केले चोवीस हंगाम. मस्टरवर चौदा. मधली दहा वर्षं ठेकेदाराच्या वहीत होती, आणि वही कुठे आहे ते ठेकेदाराच्या पोरालाही माहीत नाही.

“निदान चौदा तरी हायेत,” भाऊ म्हणतात. “दहाच्या खाली असते तर पेन्शनच नसती.”

स्वतःचा कागदही भाऊंनी कधीतरी मांडलेला आहे, फाइलीत सर्वांत वर. पगार हातात कितीही असो, योजनेपुरता तो तेव्हा साडेसहा हजारच धरत. महिन्याला पाचशे एक्केचाळीस रुपये पेन्शन फंडात. साडेसहा हजार गुणिले सतरा भागिले सत्तर, पंधराशे अठ्ठ्याहत्तर. १९९५ च्या आधीच्या नोकरीचे थोडे मिळून एकवीसशे चाळीस. तेरा वर्षांपूर्वी तेवढेच होते. महागाई भत्ता या योजनेत नाही.

वाढीव पेन्शनीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ ला दिला, तेव्हा टपरीवर पेढे वाटले गेले होते. दोन दिवसांनी कुणीतरी निकाल वाचला. १ सप्टेंबर २०१४ च्या आधी जे निवृत्त झाले आणि ज्यांनी तेव्हा विकल्प दिला नव्हता, ते त्यात बसत नव्हते. भाऊ २०१२ चे.

११.३५

उपविभागीय अधिकारी कार्यालय. तालुक्याचं नाव केळापूर, ठाणं पांढरकवड्याला. निवेदन द्यायला अकराजण आलेत. पंधरा यायचे होते. एकाची सून दवाखान्यात, एकाच्या शेतात वेचणी. दोघे काहीच न सांगता नाहीत.

निवेदन दोन पानी. टायपिंग पानाला तीस. मागण्या जुन्याच. किमान पेन्शन साडेसात हजार, त्यावर महागाई भत्ता, नवरा-बायकोला मोफत उपचार. हा आकडा बुलढाण्याच्या राष्ट्रीय संघर्ष समितीचा. कमांडर अशोक राऊत तिचे पुढारी. डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण मांडलंय त्यांनी. विदर्भातल्या या गावाचं नाव दिल्लीत पेन्शनीपायी माहीत झालं. मार्च २०२० मध्ये खासदार हेमामालिनी समितीच्या लोकांना घेऊन पंतप्रधानांना भेटल्या होत्या. त्या भेटीचा फोटो इथल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. कामगार संघटनांत कुणी पाच हजार मागतं, कुणी नऊ. यावरून बाकावर वाद होतात. नऊ मागितले तर पाच मिळतील, असं एकाचं म्हणणं. भाऊंचं म्हणणं, तिघांनी तीन आकडे सांगितले की साहेब चौथा सांगतो, तोच.

साहेब बैठकीत. व्हरांड्यात उभं राहायचं. एक बाक आहे, त्यावर तिघे बसतात. गुडघ्यांच्या हिशेबाने कोण बसणार ते आपोआप ठरतं. पंचवीस मिनिटं जातात. एक चहा होतो, भाऊ अकरांचे एकशे दहा देतात.

मग बोलावणं येतं. साहेब तरुण आहेत, उभे राहून निवेदन घेतात. तेवढ्यानेही माणसं सुखावतात. “वर पाठवतो,” म्हणतात. फोटो निघतो. फोटोत सगळ्यांनी निवेदनाचा एखादा कोपरा धरायचा असतो. दोन पानांना अकरा हात लागत नाहीत, मागचे चौघे नुसते मान उंचावतात.

खरं काम त्यानंतरचं. आवक-जावकच्या टेबलावर. भाऊ दुसरी प्रत पुढे करतात, कारकून शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो, तारीख, सही. शिक्का पुसट आला. भाऊ थैलीतून स्वतःचं स्टॅम्प पॅड काढून देतात.

“पुन्हा मारा साहेब.”

कारकून मारतो. आता स्वच्छ. ही पोच फाइलीत जाते. फाइलीत अशा पोचा आहेत, किती ते मोजलं नाही, पण सुतळी दोनदा बदलावी लागलीय.

१.१०

घरी जेवण. ज्वारीची भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी. तुरी अजून कोवळ्या, शेजाऱ्याच्या शेतातल्या. अर्धा तास आडवं.

२.३०

पोस्ट. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. आठ आण्याचं नाणं बाजारात कुणी घेत नाही, म्हणून कार्डं जोडीने घ्यायची. भाऊ शंभर घेतात. पन्नास रुपये. खिडकीवरचा माणूस गठ्ठा काढायला मागे जातो, कारण एवढी कार्डं दुसरं कुणी मागत नाही.

शंभर लिहिलेली कार्डं बरोबर आहेत, आजच्या मावशीचं धरून. टेबलाशी उभं राहून भाऊ पत्त्याचा शिक्का मारत जातात. पॅड, कार्ड. पॅड, कार्ड. उजव्या हाताचा ठेका एकसारखा. तिकिटाला पंच मारायचा तो हात, हे सांगावं लागत नाही. एका कार्डावर मागच्या बाजूला कुणीतरी आपली सगळी कहाणी लिहिलीय, पत्त्याच्या जागेवरही. भाऊ ते बाजूला काढतात. नवं द्यावं लागेल.

दिल्लीची तीन पाकिटं वेगळी. पंतप्रधान कार्यालय, श्रममंत्री, अर्थमंत्री. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विरलं, त्यामुळे आता हेच. पन्नास ग्रॅमच्या आतलं पाकीट, जीएसटी धरून पंचावन्न रुपयांवर. तीन मिळून एकशे सहासष्ट.

साहेबांनी ‘वर पाठवतो’ म्हटलं असताना पुन्हा पोस्टाने का? भाऊ माझ्याकडे नवख्या प्रवाशाकडे पाहावं तसं पाहतात.

“त्यायचं त्यायच्या रस्त्यानं जाईल. ट्रॅकिंग नंबर तर आपल्या हातात राह्यते ना.”

३.५०

पुन्हा बाक. आता फोनचं काम. जिल्हा यवतमाळ, पण पांढरकवडा आर्णी विधानसभेत आणि आर्णी चंद्रपूर लोकसभेत. त्यामुळे कलेक्टर एकीकडे, खासदार दुसरीकडे. चंद्रपूर वणीमार्गे शंभरावर किलोमीटर. जाऊन-येऊन दिवस जातो आणि खासदार भेटतीलच असं नाही. म्हणून फोन. स्वीय सहायक उचलत नाही. भाऊ दहा मिनिटांनी पुन्हा लावतात. मग पुन्हा.

फोन लागेपर्यंत फाइल उघडतात. मला वाटलं होतं तिच्यात नुसती निवेदनं असतील. निम्म्याहून जास्त लोकसभा-राज्यसभेतल्या प्रश्नोत्तरांचे छापील कागद निघाले. कुठल्या कुठल्या राज्यातल्या खासदारांनी विचारलेले अतारांकित प्रश्न. किमान पेन्शन वाढवण्याचा प्रस्ताव आहे काय? असल्यास तपशील. नसल्यास कारणे. उत्तरं जवळजवळ सारखी. ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनानुसार फंडात तूट आहे. सरकार अंदाजपत्रकातून आधार देऊन हजार रुपयांची किमान पेन्शन देतच आहे. भाऊंना हे पाठ आहे. इंग्रजी वाचता येत नाही फारसं, नातवाने ओळीखाली मराठी लिहून दिलंय, पेन्सिलीने.

एक जुना कागद ते वेगळ्या प्लास्टिकमध्ये ठेवतात. राज्यसभेच्या याचिका समितीचा २०१३ चा अहवाल, पहिली काही पानं. अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. शिफारस होती किमान तीन हजारांची. कोश्यारी पुढे २०१९ ते २०२३ आपलेच राज्यपाल होते. तेव्हा बाकावर फार आशा होती. राज्यपालांच्या हातात यातलं काही नसतं, हे भाऊंना ठाऊक होतं. तरी त्यांनी त्यांच्याच अहवालाची झेरॉक्स जोडून त्यांनाच निवेदन पाठवलं. पाठवताना बरं वाटलं, एवढंच म्हणतात.

फोन लागतो. भाऊ उभे राहतात, फोनवर बोलतानाही.

“साहेब, हिवाळी अधिवेशनात एक प्रश्न टाकून द्या ना. नाई, तो नाई. तो विचारून झाला, त्याचं उत्तर आलं हाय. तूट हाय म्हणते. नवा प्रश्न. १ एप्रिल २०१९ नंतरचं मूल्यांकन झालं का, आन् झालं असन तं आकडा किती. बस, एवढंच.”

पलीकडचा माणूस लिहून घेतो की नाही कळत नाही. “व्हॉट्सॲप करा,” म्हणतो. भाऊ नातवाला फोन लावतात, प्रश्न इंग्रजीत टाइप करून द्यायला. नातू क्लासमध्ये आहे, साडेसहानंतर.

हा एक प्रश्न नीट टाकायला भाऊंनी दोन महिने घातलेत. ‘पेन्शन वाढवा’ म्हटलं की ‘तूट आहे’ हे उत्तर तयार असतं. म्हणून आता तुटीलाच हात घालायचा. मोठ्या मालकांच्या संघटनांकडे अशी कामं करायला पगारी माणसं असतात, दिल्लीत ऑफिसं असतात. इथे झेरॉक्सचा बाक आणि नातवाचं इंग्रजी. प्रश्न मात्र बरोबर जागी लागलेला आहे.

५.४५

जिनिंगचं फाटक. हंगामात भाऊ इथे संध्याकाळी चार तास बसतात. गाड्यांची नोंद. अडीचशे रुपये, रोजच्या रोज. पीएफ कापत नाहीत. भाऊंनी विचारलंही नाही.

आत सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी चालू आहे. बाहेर रांग. मेटॅडोर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, एक बैलबंडीही. कापसाचा दमट वास आणि डिझेलचा. भाऊंचं काम म्हणजे गाडी नंबर, गाव, शेतकऱ्याचं नाव, टोकन. उजव्या कानावर पेन. पुढे ग्रेडर ओलाव्याचं यंत्र कापसात खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, बाराच्या वर गाडी परत. करंजीच्या एका शेतकऱ्याचा साडेबारा येतो. तो भांडतो, म्हणतो काल घेतला असता तर कमीच आला असता, तुम्हीच रांगेत रात्र काढायला लावली. ग्रेडर यंत्र दुसऱ्या जागी खुपसतो. बारा पूर्णांक एक. मग तिसऱ्या जागी. अकरा पूर्णांक आठ. गाडी आत जाते. यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा, असं भाऊ हळूच म्हणतात.

ठेकेदाराकडचा एक पोरगा फाटकाशी येऊन बसतो. बावीस-तेवीसचा, अंगावर सरकीचा पांढरा भुसा. ढिगारे ओढायचं काम, दिवसाला साडेचारशे. भाऊ त्याला विचारतात तेच, जे सगळ्यांना विचारतात.

“मस्टरवर नाव हाय का तुहं?”

“ठेकेदार सांगते, हाय.”

“यूएएन नंबर देला का?”

पोराला तो शब्द माहीत नाही. भाऊ वहीच्या मागच्या पानावर लिहून देतात. पीएफचा बारा आकडी नंबर असतो, तो माग, नाही दिला तर मला सांग. पोरगा चिठ्ठी खिशात घालतो. सरकीच्या भुशात ती उद्यापर्यंत राहील का, शंका आहे.

साडेसहाला नातवाचा मेसेज येतो. प्रश्न इंग्रजीत. भाऊ तो न वाचता चंद्रपूरला पुढे पाठवतात. मग वाचतात. ‘२०१९’ च्या जागी ‘२०१८’ पडलंय. पुन्हा फोन, पुन्हा मेसेज. दोन ट्रॅक्टर तेवढ्यात टोकनाविना आत गेले, मुनीम ओरडतो.

९.५०

घरी. हिशेब.

जमा, सात पावत्या, चारशे वीस. खर्च, टायपिंग साठ, झेरॉक्स अठ्ठावीस पानं छप्पन, चहा एकशे दहा, पोस्टकार्डं पन्नास, स्पीड पोस्ट एकशे सहासष्ट. चारशे बेचाळीस. बावीस रुपये जास्त गेले. मागच्या शिलकेतून. शिलकेत आता तीनशे पाच. निवेदनाच्या फोटोकडे वहिनी बघतात, पेपरला पाठवायचा म्हणून. “तुमचा डोळा मिटला हाय यात,” म्हणतात. दुसरा फोटो नाही. हाच जातो.

१०.१५

ग्रुपवर बुलढाण्याचा निरोप फिरतोय. अधिवेशनात दिल्लीला जायचं, तालुक्यातून किमान तिघे पाहिजेत. नागपूरहून स्लीपर, जाऊन-येऊन हजार-बाराशेच्या घरात. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. मावशीची महिन्याची पेन्शन म्हणजे हा प्रवास, जेवण वेगळं.

भाऊ स्वतःचं नाव टाकतात. मेकॅनिकचं येतं. तिसऱ्यासाठी फोनाफोनी. मोहद्याचा एक जुना ड्रायव्हर तयार आहे, पण त्याची अट आहे.

“खालचा बर्थ पायजे भाऊ. मधल्यावर मी चढत नाई.”

“मले बी खालचाच पायजे.”

“मग मेकॅनिकले वर टाका. त्याले गाडीखाली जायची सवय हाय, वर जायची लावू.”

भाऊ उद्या दहाला स्टेशनची खिडकी नसलेल्या या गावातून नातवाकरवी तिकीट काढणार आहेत. दोन खालचे, एक वरचा. मेकॅनिकला अजून विचारलेलं नाही.